कुंभेरीच्या देवळामागची ढोली

देवळामागच्या या वडाच्या ढोलीत उदमांजर राहतं. दर वैशाखात रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, पहिली परडी देवीआधी इथे ठेवतात, आणि गावचा मानकरी वाकून ढोलीला म्हणतो, "चूक आमची." पाहुण्यांना हसू येतं. हसा खुशाल, पण आधी ऐका.

फार पूर्वी कुंभेरीत रातांब्याचं एकही झाड नव्हतं, असं सांगतात. मानाची परडी डोंगरापलीकडून यायची आणि तीन दिवस देवीपुढे राहायची. तोवर कोणी फळाला हात लावायचा नाही. एका वर्षी दुसऱ्याच सकाळी परडी रिकामी. छपराची दोन कौलं सरकलेली होती, पण वर बघायला मान कोण वळवतो? देऊळ झाडायची आनशी. विधवा, मागेपुढे कोणी नाही. झालं! दाजी मानकऱ्याने तिथल्या तिथे तिला चोर ठरवलं. देवळाची पायरी बंद, विहीर बंद. पाण्यासाठी बिचारी कोसभर ओढ्यावर जायची. एवढ्या गावात एकानेही तिची बाजू घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावरून येताना तिला कातळावर उदमांजराची विष्ठा दिसली. तीत रातांब्याच्या बिया होत्या. गावात झाड नाही, मग बिया आल्या कुठून? पानावर घेऊन तिने त्या भर बैठकीत दाजीपुढे ठेवल्या. दाजीने नाक दाबलं आणि म्हणाला, "मग धूर घाला ढोलीत. मारून टाका."

आनशीला काय वाटलं असेल! तिला वाटलं होतं, निदान एक जण तरी मान खाली घालील. ती तडक ढोलीच्या तोंडाशी जाऊन बसली. माणसं पेंढा घेऊन आली तरी हलली नाही.

"काल माका चोर केल्यात, आज ह्येका," ती म्हणाली. "एकान तरी इचारल्यान? पेटवा आता. माझ्यासकट पेटवा."

पेंढा तसाच परत गेला. तिच्यावरची बंदी मात्र कोणी उठवली नाही. दाजीला आपला शब्द गिळायचा नव्हता ना!

आनशीने त्याच बिया ढोलीभोवती पेरल्या आणि ओढ्याचं पाणी डोक्यावरून आणून जगवल्या. आठव्या वर्षी पहिलं फळ धरलं, तेव्हा देवीसाठी ते मागायला दाजी स्वतः आला, म्हणे. पण आनशी आदल्या पावसाळ्यातच वारली होती, आणि मानकऱ्यापर्यंत ती बातमीही कोणी नेली नव्हती. झोपडीत रिकामी घागर तेवढी होती. दाजीने वडाशी येऊन फळं तोडली. मग ती त्याने ढोलीपुढे ठेवली, आणि जे तिच्यापुढे म्हणायला हवं होतं ते उदमांजराला म्हणाला.

आजही इतर गावं या जनावराला कांडेचोर म्हणतात. कुंभेरीत तो शब्द चालत नाही. आजही मानकरी वाकतो. सात वर्षं ती समोर होती, तेव्हा मात्र एकालाही वाकता आलं नाही.