आपला पेपर, त्यांचा पेपर

“आप्पा, तुम्हीच सांगा. ज्याचं म्हणणं आपल्याला पटत नाही, त्याचा पेपर माणसानं वाचावा की वाचू नये?”

खराडे मास्तरांनी प्रश्न विचारला खरा, पण उत्तर त्यांच्या खिशात तयारच होतं. जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलेला माणूस. उत्तर माहीत असल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नव्हती.

आप्पा मठाच्या ओट्यावर, चटईवर बसून अंगाऱ्याच्या पुड्या बांधत होते.

माणदेशातल्या उघड्या माळावर हा मठ. लांबलांबून माणसं येत, आप्पांना आपलं दुखणंखुपणं सांगत, आणि जाताना अंगाऱ्याची पुडी घेऊन जात. पुडीला कागद लागे, तो भक्तांच्या घरची रद्दी. मास्तर दर गुरुवारी स्कूटरवरून एक गठ्ठा आणून टाकत. पूर्वी त्या स्कूटरच्या मागच्या सीटवर त्यांचे दोस्त सोपान पिसाळ असायचे आणि गठ्ठा पिसाळांच्या मांडीवर असायचा. आताशा सीटवर नुसता गठ्ठाच असतो.

“वाचावा की,” आप्पा म्हणाले. “कुनी नको म्हनलंय?”

“लोक वाचत नाहीत, आप्पा. आपल्या गावातच बघा. ज्याचा जो पेपर, तेवढाच तो वाचतो. दुसरा हातात आला तर नाक मुरडतो. मी तसा नाही. मी आपलाही घेतो, त्यांचाही घेतो.”

‘आपला’ म्हणजे मास्तरांच्या पक्षाची बाजू घेणारा, आणि ‘त्यांचा’ म्हणजे उलट्या बाजूचा. नावं सांगून कुणाच्या शेपटीवर पाय कशाला द्या? ज्यानं त्यानं आपापली नावं घालून घ्यावीत.

आप्पांचे हात चालूच होते. चिमूटभर अंगारा, चार घड्या, की पुडी तयार.

“रविवारी तालुक्याच्या वाचनालयात माझं भाषण ठेवलंय,” मास्तर म्हणाले. “विषय आहे, ‘दुसरी बाजू’. अध्यक्ष म्हणाले, मास्तर, ह्या विषयावर तुमच्याशिवाय बोलणार कोण? म्हटलं, आधी आप्पांचा आशीर्वाद घ्यावा.”

आशीर्वाद हवा होता हे खरंच. पण आप्पांनी एकदा तोंडभरून शाबासकी द्यावी, हे त्याहून खरं होतं. साठी उलटली तरी माणूस गुरूपुढं पोरच असतो, आणि पोराला शाबासकी लागते. त्यात वावगं काही नाही. भाषणाची सुरुवात कुसळ आणि मुसळाच्या म्हणीनं करायची, हेसुद्धा मास्तरांनी ठरवून टाकलं होतं.

“त्यांचा पेपर वाचतोस कसा?” आप्पांनी विचारलं.

मास्तर याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि एक अंक आप्पांपुढं पसरला. पानभर लाल रेघा. समासात लाल अक्षरं. जागोजागी लाल प्रश्नचिन्हं. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासून तपासून मास्तरांचा हात त्यात बसलेला होता, आणि लाल पेन्सिल सदऱ्याच्या खिशात कायमची होती.

“हे बघा. ‘असे समजते’. कोणाला समजते? मी बाजूला लिहिलंय बघा. इथं, ‘अशी चर्चा आहे’. कुठं आहे चर्चा? पारावर की टपरीवर? आणि हे, ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’. सूत्राला आईबापांनी नाव ठेवलं नव्हतं का?”

आप्पा हसले. अगदी मनापासून हसले. मास्तरांचा चेहरा खुलला.

“सोडत न्हाईस म्हन की कुनाला.”

“एक ओळ सोडत नाही. सकाळी चहाच्या आधी त्यांचा पेपर.”

“ब्येस. आनि आपला?”

“आपला काय?”

“आपला पेपर. दाव की जरा.”

मास्तरांनी गठ्ठ्यातून आपला अंक काढून दिला. आप्पांनी तो डोळ्यांजवळ नेला. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसरं…

सगळा अंक कोरा करकरीत होता. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

“ह्यो कोन वाचतो?”

“कोण म्हणजे? मीच वाचतो.”

“ह्याच्यावर काईच न्हाई.”

“त्यात खुणा करण्यासारखं काही नसतं, आप्पा.”

“अस्सं…”

आप्पांनी तो अंक बाजूला ठेवला आणि पुन्हा पुडी बांधायला घेतली. मास्तरांना वाटलं, संपला विषय. आता शाबासकी येईल.

“सोपान आला हुता सकाळी,” आप्पा म्हणाले.

मास्तरांनी गठ्ठ्यातले अंक सारखे करायला घेतले.

“चालत आला. गुडघा धरून धरून. ओट्याच्या पायऱ्या चढायला माझ्यापेक्षा जास्त येळ लागला त्याला.”

“…काय म्हणत होता?”

“मास्तरांची रक्तदाबाची गोळी चालू हाय का, म्हनून इचारत हुता.”

मास्तरांनी मान खाली घातली आणि सुतळीला उगाचच एक गाठ मारली.

“रविवारी जातोय त्यो,” आप्पा म्हणाले. “लेकाकडं, पिंपरीला.”

“किती दिवस?”

“घर इकलं. दिवस कसलं मोजतोस?”

हे मास्तरांना माहीत नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडचं घर विकलं जातं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो… ज्या घराच्या ओसरीवर बसून उभा जन्म चहा प्यायला, ते घर गेलं. रविवारनंतर भेटायचं म्हटलं तरी गावात सोपान पिसाळ नावाचा माणूसच असणार नव्हता.

पिसाळ दुसऱ्या बाजूचे. म्हणजे ‘त्यांचा’ पेपर वाचणारे. पण त्यावाचून पूर्वी काही अडलं नव्हतं. मठाकडे येताना दोघं स्कूटरवर इतके भांडायचे, की मठाचा फाटा मागं पडायचा आणि पुढच्या वाडीतून परत फिरावं लागायचं.

मग दुष्काळ पडला. गावात जनावरांची चारा छावणी लागली आणि ती चालवायचं काम पिसाळांच्या गळ्यात पडलं. त्या उन्हाळ्यात आपल्या पेपरात एक बातमी आली. छावणीतला चारा बाहेर विकला जातो, आणि त्यात पिसाळांचा हात आहे.

त्या गुरुवारी पिसाळ नेहमीप्रमाणे टोपी घालून दारात उभे होते. मास्तरांनी स्कूटर थांबवली नाही. हॉर्नसुद्धा वाजवला नाही. सरळ समोर बघत निघून गेले. पुढच्या गुरुवारी दारात कोणी नव्हतं.

“मी तरी काय करणार होतो, आप्पा?” मास्तर म्हणाले. आवाज जरा चढलाच. “माझं काही वैर होतं का त्याच्याशी? पण छापून आलं होतं. चांगलं ठळक अक्षरात.”

“कुठं?”

“आपल्या पेपरात.”

आप्पांनी अंगाऱ्याचं तबक सरकवलं. चटईचं टोक उचललं. खालून दोन जुने पेपर काढले. पिवळे पडलेले, पण नीट घडी घातलेले.

“तूच आनून टाकलेलं हायत. हे दोन तेवढं पुडीला वापरलं न्हाईत.”

पहिला उघडला. त्यांचा. दिवाळीच्या आसपासचा अंक. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती. तहसीलदारांची चौकशी संपली. छावणीतल्या चाऱ्याचा हिशोब चोख निघाला. पिसाळ यांच्यावरील आरोपात तथ्य आढळले नाही.

बातमीखाली लाल रेघ होती. समासात लाल अक्षरात लिहिलं होतं, ‘सारवासारव!’

अक्षर कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. फळ्यावर लिहिताना ‘र’ला जो डौलदार झोका मास्तर द्यायचे, तो तिथं दोनदा दिलेला होता.

“हे मी वाचलं होतं…” मास्तर पुटपुटले.

“वाचलं हुतंस की. एक वळ सोडत न्हाईस तू.”

आप्पांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

मग दुसरा उघडला. आपला. बातमी पहिल्या पानावर, ठळक अक्षरात. पान स्वच्छ.

“पेन्सिल हाय?”

“आहे.”

“वाच.”

“वाचलाय हा मी, आप्पा.”

“न्हाई वाचलास.”

मास्तरांनी चष्मा सारखा केला. वर्गात वाचायचे तसं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“‘छावणीतील चारा परस्पर बाहेर विकला जात असल्याचे समजते…’”

ते थांबले.

“कोनाला?” आप्पांनी विचारलं.

मास्तर पुढं वाचू लागले. आवाज मात्र वर्गातला राहिला नव्हता.

“‘यामागे छावणीचालक सोपान पिसाळ यांचाच हात असल्याची परिसरात चर्चा आहे.’”

“परिसरात म्हंजे आपल्याच गावात न्हवं?”

“हो.”

“तू केलीस चर्चा?”

“नाही.”

“कुनाच्या तोंडून ऐकलीस?”

“…नाही. पेपरातच पहिल्यांदा वाचलं.”

“तू तर रोज सांजचा छावनीत जाऊन बसायचास. तुला काय दिसलं हुतं?”

मास्तरांनी पेपर मांडीवर ठेवला.

मास्तरांना दिसत होतं ते हेच. कडब्याची गंज. तिच्यावर टाकलेली घोंगडी. उशाला काठी. घरी चांगली खाट असताना हा माणूस तिथं का निजतो, म्हणून आपणच त्याची थट्टा केली होती. तर म्हणाला होता, मुक्या जनावरांच्या तोंडचा घास आहे मास्तर, कुणी पेंढी उचलली तर मला झोप लागायची नाही.

“गंजीवर निजायचा तो…” मास्तर म्हणाले. “राखणीला.”

“सोता बगितलं हुतंस?”

“स्वतः.”

आप्पांनी मान हलवली.

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली. आपल्या पेपरावर आजवर कधी ती टेकलेली नव्हती. ‘समजते’खाली एक रेघ मारली. ‘चर्चा आहे’खाली दुसरी मारली. आयुष्यात हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, पण रेघ वाकडी आली ती आजच. समासात सवयीनं ‘कोणाला?’ लिहायला गेले आणि पहिल्याच अक्षरावर हात थबकला. डोळे भरून आले होते. मास्तरांनी ते पुसले नाहीत.

“आप्पा, रविवारी भाषणात मी आता काय बोलू?”

“भाषनातलं मला काय कळतंय?”

आप्पांनी तो पेपर आपल्याकडं ओढून घेतला. बातमीच्या कडेनं अंगठ्यानं दाबून घडी पाडली आणि तेवढाच तुकडा अलगद फाडला. त्यावर अंगारा ठेवला. रोजच्यापेक्षा जरा सावकाश, कागद उलटासुलटा करून बघत, चार घड्या घातल्या.

“ही सोपानला दे. गुडघ्याला लावील.”

मास्तरांनी पुडी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, खिशात ठेवली. आप्पांच्या पाया पडले. पायऱ्या उतरून स्कूटरपर्यंत गेले. किल्ली लावली. मग किल्ली तशीच सोडून परत ओट्यापाशी आले.

“घरी जाईन मी त्याच्या. आत्ताच जातो. पण दारात उभा राहिल्यावर… तोंडातून शब्द फुटायचा नाही, आप्पा. त्याच्याशी बोलू तरी काय?”

आप्पांनी पुढच्या पुडीसाठी गठ्ठ्यातून एक पेपर ओढला होता. आपला की त्यांचा, हे काही त्यांनी बघितलं नाही.

“काई बोलू नगंस,” ते म्हणाले. “तुजी रेघ पुडीच्या वरच्या अंगाला ठिवलीया.”