वेळजाईची न काढलेली पावलं

वेळखोलच्या वेळजाईला पावलं नाहीत. वहाणा बाहेर काढून आत आलात की समोरच्या भिंतीवर ती दिसते. गेरूचं लुगडं, काजळीची बुबुळं, अठरा हात, आणि निऱ्यांच्या खाली नुसती पांढरी भिंत. नवा माणूस हमखास विचारतो, चित्र अर्धवट राहिलंय का? राहिलंय. देवळाचा गुरव याची एक गोड गोष्ट सांगतो. मी कोंडाजी चितारीच्या घरातला, सातव्या पिढीचा. मला ती गोड करून सांगता येत नाही.

या गावाची रीत अशी, की घटस्थापनेआधी भिंतीला चुना द्यायचा आणि चितारी घराण्याने त्यावर देवी नव्याने काढायची. पाच दिवस घोंगड्यांचा पडदा लावलेला असतो. घट बसायच्या सकाळपर्यंत तो कुणी उचलायचा नाही, पाटलानेसुद्धा नाही.

कोंडाजीला तेव्हा एकच मूल होतं, मुलगी सगुणी. जन्मतःच तिचे दोन्ही हात कोपराखाली वाळलेले होते. तीन वर्षांची असताना तिने अंगणात पायाच्या अंगठ्याने मोर काढला, असं सांगतात. कोंडाजी ते बघून आधी रडला आणि मग त्याने शिंदीची काडी ठेचून तिला बोटांत धरता येईल असा आखूड कुंचला करून दिला. पुढे आठ वर्षं तो तिला घराचं दार लावून शिकवत होता. सगुणीला दुसरं काही नको होतं. वेळजाई एकदा आपण काढावी आणि ती आपण काढली हे गावाने बघावं, एवढंच तिला हवं होतं.

ती अकरा वर्षांची झाली त्या साली कोंडाजीला हिवताप आला. हात असा थरथरायचा की घोटभर पाणी तोंडापर्यंत जात नव्हतं. देवी काढली नाही तर घराण्याचा मान जाणार. तेव्हा तो पोरीला घेऊन पडद्याआड गेला. बाजेवर पाट रचून त्याने तिला उंच बसवलं आणि आपण खाली रंग कालवत राहिला. पाच दिवस ती पाय उचलून चित्र काढत होती. मांड्यांत गोळे यायचे, तेव्हा कोंडाजी तेल चोळायचा. त्या पाच दिवसांत ती जेवढी हसली तेवढी नंतर कधी हसली नाही म्हणे.

घटस्थापनेच्या सकाळी पडदा निघाला. देवी प्रत्येकाकडे बघत होती. बायाबापड्यांनी भिंतीपुढे लोटांगणं घातली. नऊ दिवस आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणूस लोटलं. दसऱ्याला पाटलाने कोंडाजीच्या डोक्यावर पागोटं बांधलं, आणि कोंडाजीने ते बांधून घेतलं.

सगुणी पुढच्याच रांगेत बसली होती. बाप आता सांगेल, मग सांगेल, अशी वाट बघून शेवटी तीच उठली. तिला वाटलं, लोकांना आनंद होईल.

"बानं न्हाई, म्यां काढलीया," ती म्हणाली. "ह्ये बघा." आणि खाली बसून तिने पायाच्या बोटांत कुंचला धरून दाखवला.

पाटलाच्या म्हाताऱ्या आत्याने तोंडावर पदर घेतला. "आगं बया! आयच्या तोंडाला पाय लावला?"

मग एकच गलका झाला. ज्यांनी नऊ दिवस त्या चित्रापुढे नाक घासलं होतं, तेच आता कानाला हात लावून गालात मारून घेत होते. पाटलाने कोंडाजीला विचारलं, "खरं काय ते सांग."

कोंडाजीने पागोट्याला हात लावला. माझ्या पूर्वजाला तेवढा एकच क्षण मिळाला होता आणि त्याने तो घालवला. "पोर हाय, पाटील," तो म्हणाला. "चित्र माजंच. रंग कालवताना तिचा पाय लागला आसंल."

पाय लागला एवढंही पुरेसं होतं. भिंत धुवायचं ठरलं. कोंडाजीने काथ्याच्या चोथ्याने स्वतः ती घासली, आणि सगुणी समोर बसून बघत राहिली. डोळे सर्वांत शेवटी गेले म्हणतात.

महिनाभराने ताप उतरल्यावर त्याने देवी पुन्हा काढली. निऱ्यांपर्यंत आला आणि हात थांबला. त्याने पोरीला पडद्याआत बोलावलं. "सगुणे, पावलं तू काड. आता कुनी बगत न्हाई."

"पडद्याआड न्हाई, बा," ती म्हणाली आणि घरी गेली.

तेव्हा कोंडाजीने शपथ घेतली, की सगुणी काढील तेव्हाच देवीला पावलं येतील, आमच्या घरातल्या दुसऱ्या कुणी काढायची नाहीत. शपथेला त्याचं तोंड उघडलं. दसऱ्याला उघडलं असतं तर शपथेची गरजच नव्हती. सगुणी त्यानंतर साठ वर्षं जगली. तिने पुन्हा कुंचला धरला नाही, धुळीत साधी रेघसुद्धा ओढली नाही. ती गेल्यावर वर्षभरात तिची सगुणाई झाली आणि तिला नवस सुरू झाले.

गुरव सांगतो, देवीने प्रसन्न होऊन आपली पावलं सगुणीला दिली. अहो, पावलं तिच्याकडे होतीच! देवीकडे अठरा हात होते, त्यातला एक दिला असता तर ती गोष्ट झाली असती.

आजही घटस्थापनेला पडदा काढायच्या आधी मी गेरूत बुडवलेला आखूड कुंचला भिंतीपाशी ठेवतो. चौरंगावर नाही, जमिनीवर, तिला पायाने उचलता यावा म्हणून. लोक त्याला हळदकुंकू वाहतात, पोरांना त्याच्यापुढे डोकं टेकवायला लावतात. भोवती ही दोरी दिसतेय ना, तीही दर वर्षी मीच बांधतो.

जरा मागे सरा. कुंचल्याला पाय लागेल.