धुक्यातली हाळी

"तोंड कायमचं बंद ठेवायचं व्रत असतंय का, बुवा? असंल तर मला द्या."

चपला काढायच्या आतच मायाप्पा कोकरे हे बोलला.

माणदेशातल्या आमच्या मठात रोज कोणी ना कोणी येतं. कुणाला मूल हवं असतं, कुणाची म्हैस आटलेली असते. हा गडी वेगळा दिसला. जातीचा धनगर, पण अंगात फौजेचा जुना खाकी कोट, मिशीला पीळ, आणि नमस्कारसुद्धा टाचा जुळवून केलेला. लढाई संपून तीन वर्षं झाली तरी कवायत काही उतरली नव्हती. खरं सांगतो, मला त्याचा रागच आला.

बुवा उन्हात बसून हुलगे निवडत होते. मान वर न करताच म्हणाले, "जमेल का?"

"फौजेतला माणूस हाय मी. तीन दिवस बिनपाण्याचं काढल्यात. बारा वर्षं म्हणा, बारा वर्षं पाळतो."

"बोलण्याचा एवढा कंटाळा आला?"

तो ओट्यावर टेकला.

"चुलती हाय मला. कोंडाबाई. तिचा ल्योक धुळा आन् मी एकाच दिवशी भरती झालो. धुळा तिकडंच ऱ्हायला. आता ती रोज मला भाकरी आणती. मी खाईस्तवर म्होरं बसती, आन् इचारती, माझं लेकरू कसं गेलं रं?"

"तू काय सांगतोस?"

"लढता लढता गेला. गोळी छातीवर घेतली."

"बरं."

"पाठीत लागली हुती, बुवा."

बुवांचा हात थांबला.

"पळाला होता?"

"न्हाई! धुळा पळणारा न्हवता." मायाप्पा एवढ्या जोरात ओरडला की मी दचकलो. मग त्याचा आवाज खाली आला. "माझ्याकडं येत हुता... मी बोलवलं म्हणून."

तोच सांगू लागला.

"इटलीतला डोंगुर. सकाळचं धुकं असं, की हाताला हात दिसंना. धुळा धरून आमच्या वाडीची चार पोरं म्होरं पांगली हुती. हुकूम हुता, जिथं असाल तिथं निजून ऱ्हावा, आवाज करायचा न्हाई. मला काय ऱ्हावंना. वाटलं, धुक्यात चुकतील, भलतीकडं जातील. मी हाळी दिली. मेंढरं आन् पोरं माघारी बोलवायची आमच्या वाडीची हाळी."

"आणि?"

"ती हाळी ऐकली की उठायचं आन् पळत यायचं, एवढंच ल्हानपणापासनं ठावं आमास्नी. चारीबी उठली, बुवा. पाठ फिरवून माझ्याकडं पळत आली. त्यांच्या मागनं दुश्मनाची बंदूक सुरू झाली... धुळा माझ्यापासनं धा पावलांवर पडला. हसत येत हुता. 'आलो रं' म्हणत येत हुता."

अरे देवा! माझा राग कुठल्या कुठं गेला. मला तिथं बसवेना, आणि उठवेनाही.

"तुला लागलं नाही?"

"मी धोंड्याआड हुतो."

"हे चुलतीला ठाऊक नाही."

"कुणालाच न्हाई. आज पयल्यांदा बोललो."

"मग व्रत कसलं मागतोस? तीन वर्षं पाळतोच आहेस की."

मायाप्पा हबकला.

"सांगितलं तर ती मरंल, बुवा."

"मरेलही."

"आन् जगली तर माझं तोंड बघायची न्हाई. आईबाप न्हाईत मला. तिच्याबिगर माझं हाय कोण?"

"कोणी नाही."

मला वाटलं, आता तरी बुवा धीराचा एखादा शब्द देतील. आटलेल्या म्हशीसाठी येणाऱ्यालासुद्धा ते पाठीवर हात फिरवून वाटेला लावतात. इथं मात्र त्यांनी हुलग्यातला एक खडा उचलून बाजूला टाकला, बस्स. तेव्हा मला बुवांचाच संताप आला.

मायाप्पा मटकन खाली बसला आणि एवढा दांडगा गडी हुंदके देत बुवांच्या पायांवर पडला.

"मग तुमीच मला पदरात घ्या, बुवा... तुमी तरी घ्या."

बुवांनी पाय झटकन मागे ओढले. धोतराच्या सोग्याखाली झाकून घेतले.

"हे ते पाय नव्हेत, बाबा."

मायाप्पाचं कपाळ जमिनीला टेकलं ते तसंच राहिलं. मग तो तसाच, मातीत तोंड ठेवून बोलला.

"आन् तिनंबी असंच पाय मागं घेतलं तर?"

बुवांचे डोळे भरून आले होते. मी ते पहिल्यांदाच पाहिलं...

"घेईलच ती. तू वाकूनच राहा."