पाचवा माणूस

"इंग्रजांनी आपल्यावर केलेला सगळ्यात मोठा अन्याय कोणता, सांगा महाराज?"

मठाच्या ओसरीवर टेकता टेकता विश्राम देवरेनं विचारलं. उत्तर त्याच्याकडे तयार होतं. त्यावर त्यानं पुस्तकच लिहिलं होतं.

लहानपणी चार वर्षं तो या डोंगरावर उद्धवगिरी महाराजांपाशी शिकला होता. आता तो इथला प्रांताधिकारी होता. ओसरीवर महाराजांजवळ तिघं आधीच बसली होती. दोन म्हातारे गुराखी, आणि पुंजाबाई. तिचा नवरा महिन्यापूर्वी वारला होता.

विश्राम बसला, आणि महाराज उठले.

ऐंशी ओलांडलेला माणूस. पायरी उतरून अंगणात गेले आणि भर उन्हात उभे राहिले.

"महाराज?"

"तू बोल. ऐकू येतं मला."

"जमावबंदी," विश्राम म्हणाला. "साहेबानं रान बंद केलं. माझे पणजोबा आणि चार गाववाले नुसते बोलायला एकत्र बसले. पाच माणसं! सहा महिने सक्तमजुरी. त्यांच्या नावाचा दगड उभारतोय आपण पंधरा तारखेला. तुमच्या हातून अनावरण व्हावं म्हणून आलो."

"किती माणसं येतील?"

"पाचशे तरी."

"चालतं का?"

"सरकारी कार्यक्रम आहे, महाराज. परवानगी आहे."

महाराजांनी कपाळावरचा घाम उपरण्यानं टिपला.

"साहेबाच्या हुकमात काय लिहिलं होतं?"

विश्रामला तो पाठ होता. "सार्वजनिक शांततेस बाधा येऊ नये म्हणून पाच अथवा अधिक इसमांनी..."

तो थांबला.

डोंगरावरचं गायरान एका प्रकल्पासाठी बंद झालं होतं. गावानं कुंपण अडवलं. तेव्हापासून गावात आणि डोंगरावर जमावबंदी होती. तिसऱ्यांदा मुदत वाढवली होती. सही विश्रामचीच.

"महाराज, सावलीत या."

"तिथं चौघं आहात. मी आलो की पाच."

"अहो, तो हुकूम तुमच्यासाठी नाही!"

"मग कुणासाठी?"

"गोंधळ घालणाऱ्यांसाठी."

"तुझ्या पणजोबांना साहेब काय म्हणाला होता?"

पुंजाबाईनं पदर सारखा केला.

"साहेब, एक विचारू?" ती म्हणाली. "माझ्या मालकाला न्यायला चार खांदेकरी होते. पुढं मडकं धरून पोरगा. हवालदार म्हणाला, पाच झाले. पोराला शंभर पावलं पुढं पिटाळलं. बापाची तिरडी मागं, आन् पोरगा एकटाच मसणात जाऊन उभा... त्याचं काय चुकलं?"

"अंत्ययात्रेला सूट असते, बाई! हुकमात तसं असतंच."

"हवालदाराला नाही गावली."

विश्राम उठला. ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. परत आला. खाली गाडीशी चालक त्याच्याकडेच बघत होता. पाणी हवं होतं, पण मागवेना.

तो पायरी उतरून अंगणात आला.

तो उतरला तसे महाराज वर चढले आणि आपल्या जागी जाऊन बसले. गुराख्यांपैकी एकानं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

ओसरीवर पुन्हा चौघं. उन्हात विश्राम एकटा.

त्यानं पायरीवर पाय ठेवला... आणि मागं घेतला. स्वतःच्याच पायाकडे बघत राहिला. मग एकदम भडकला.

"हे बरोबर नाही, महाराज! तुम्ही मला त्या गोऱ्यांच्या रांगेत बसवताय. ते परके होते. लुटायला आले होते. मी इथला आहे, याच मठात वाढलो. हे सरकार आपलं आहे. आपण निवडून दिलेलं!"

"खरं आहे," महाराज म्हणाले.

"मग फरक नाही का?"

"आहे की. मोठा फरक आहे."

"कोणता?"

महाराजांनी तांब्या तोंडाला लावला. सावकाश पाणी प्यायले. पुंजाबाई खाली मान घालून बसली होती.

"सांगा ना, महाराज..."

"परक्याला 'चालता हो' म्हणता येत होतं, विश्राम. तुला कुठं जा म्हणू?"