शनीच्या समोरची फरशी

एका राज्यात भद्रायु नावाचा राजा होता. राजा शूर, पण हाताला चैन नाही! डोंगरातल्या ग्रहलेण्यात गेला आणि सूर्यमूर्तीच्या मुकुटातलं माणिक उपटून घेऊन आला. लेणं मांत्रिकाने मंतरलेलं. घरी पोचतो तो काय, पायांची बोटं दगडाची झाली! मग गुडघे, मग कंबर.

"लेण्यात अमृत आहे," राजा लेकीला म्हणाला. "पण हिरण्मयी, तू जाऊ नकोस. दरबारातले ज्योतिषी गेले, एकही परतला नाही."

"मग तुम्ही दगड होताना इथे बसून बघू का, बाबा?" राजकन्येने माणिक कनवटीला लावलं आणि घोड्यावर मांड टाकली.

लेण्याच्या दारात एक कावळा बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, तीन कामं. चुकलीस तर दगड होशील. आणि सूर्य मावळला की तुझ्या बापाचं काळीज दगडाचं."

"काम सांग."

"माणिक ज्याचं त्याला दे."

भिंतीवर नऊ ग्रह ओळीने उभे. चेहरे झिजून सगळे सारखेच, मुकुटांत रिकाम्या खोबणीही सगळ्यांच्याच! हिरण्मयी वरून खाली बघत गेली. एकाच्याच दोन्ही हातांत कमळं होती, पायांत उंच जोडे होते. तिने त्याच्या मुकुटात माणिक बसवलं. ते तिथे घट्ट बसलं. सूर्यावरून पुढचे ग्रह वारांच्या क्रमाने ओळखू आले.

"आता चंद्राचं घर दाखव."

म्हणजे कर्क रास. छतावर बारा राशी कोरलेल्या. पण विंचवाची नांगी तुटून पडलेली, त्यामुळे खेकडा कुठला नि विंचू कुठला कळेना. बाहेर ऊन तांबडं व्हायला लागलं होतं. मग तिने शेजार पाहिला. एकाच्या बाजूला तराजू होता, दुसऱ्याच्या बाजूला सिंह. तिने सिंहाच्या शेजाऱ्याकडे बोट केलं.

"बरोबर," कावळा म्हणाला. "अमृत ज्याच्या नजरेखाली आहे, त्याच्यापुढे उभी राहा."

गुरूची दृष्टी अमृताची, हे तर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. ती लगबगीने गुरूकडे वळली आणि जागीच थबकली. मघाशी तिला भक्तांच्या मूर्ती वाटल्या होत्या, ते दरबारातले सारे ज्योतिषी हात जोडून उभे होते. सगळे दगडाचे!

अगं बाई, आता कुठे जायचं? तिने खाली बघितलं. प्रत्येक ग्रहापुढची फरशी भाविकांच्या पायांनी गुळगुळीत झाली होती. शनीसमोर मात्र छिन्नीचे घाव अजून खरखरीत होते. शनीची नजर अंगावर घ्यायची नाही, बाजूने हात जोडायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या जागी कधी कोणी उभंच राहिलं नव्हतं. काही लपवणारा अशीच जागा बघणार ना?

हिरण्मयीला भयंकर भीती वाटली. "बाबा," ती पुटपुटली आणि डोळे मिटून शनीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

काही झालं नाही. तिने डोळे उघडून मूर्तीच्या तोंडाकडे पाहिलं. शनी कोणाकडेच बघत नव्हता. त्याची मान खाली होती आणि नजर तिच्या पायांखालच्या फरशीवर होती. फरशीवर घडा कोरलेला होता. कुंभ, शनीचं स्वतःचं घर!

तिने कट्यारीने फरशी उचकटली. खाली तांब्याचा गडू होता. तिने ज्योतिष्यांवर थेंब शिंपडले, ते शिंकत जागे झाले. ती तोवर घोड्यावर होती.

महालात पोचली तेव्हा सूर्याची नुसती कड उरली होती. राजाचा गळा दगडाचा झाला होता, बोलणं थांबलं होतं. तिने सगळा गडू त्याच्या छातीवर रिता केला आणि कान लावला. काहीच नाही. "बाबा, असं करू नका हो!" ती रडत म्हणाली. तेवढ्यात आत एक ठोका पडला. मग दुसरा.

दुसऱ्या दिवशी राजा आपल्या पायांनी लेण्यात गेला आणि लेकीचा हात धरून शनीसमोर उभा राहिला. ज्योतिषी मात्र अजून बाजूनेच हात जोडत होते! भद्रायूच्या छातीत ठोका परतला, तसं तुमच्याआमच्या घरचं माणूस सुखरूप घरी परतो.