वीतभर लुगडं

त्या करवंदीच्या जाळीवर लुगड्याचे वीतवीतभर तुकडे दिसतात ना, ते बाहुल्यांचे नव्हेत. हात लावू नका. जाळीमागे खडकाला जी भेग आहे तिला आम्ही उबेची कपार म्हणतो. तळहात जवळ धरा, कोमट वारा लागेल. आणि खाली बोरीच्या सावलीत तो गुळगुळीत झालेला दगड आहे, तो नवऱ्याचा धोंडा. त्याच्यावर कपारीकडे पाठ करूनच बसायचं असतं. का, ते सांगतो. उभ्याउभ्या ऐकायची गोष्ट नाही ही, टेका जरा.

फार मागे आमच्या आगरखिंडीत रायाजी नावाचा लोहार होता म्हणे. ना आईबाप, ना भाऊबंद. एकटा जीव सदाशिव. एकदा याच टेकडीवरून आणलेल्या कोळशाच्या पाटीत त्याला बोटाएवढं एक जनावर सापडलं. अंग सरड्यासारखं, पाठीवर पळसाच्या पाकळीएवढे दोन पंख, आणि शिंकलं की तोंडातून निरांजनाच्या वातीएवढी ज्योत. तुम्ही शहरातली मुलं मोबाइलच्या खेळात पाळता तसला ड्रॅगन म्हणा हवं तर. रायाजीने त्याचं नाव ठेवलं ठिणगी.

ठिणगी भट्टीत निजायची, कोळसा खायची आणि दिवसभर रायाजीच्या खांद्यावर बसायची. ती आल्यापासून त्याला भात्याला हात लावावा लागला नाही. तिने फुंकर घातली की लोखंड लाल. विळ्यांना अशी धार येई की आसपासची सगळी गावं त्याच्याच दारात. पण मोठी जळकुटी बया! रायाजीने कुणाच्या बैलाचं कौतुक केलेलंही तिला खपत नसे. एका बैलवाल्याचं पागोटंच तिने पेटवून दिलं, असं सांगतात.

मग रायाजीचं लग्न ठरलं. हे ठिणगीला सांगायचं कसं? मांडवाला आग लावील, या भीतीने त्या शहाण्याने तिला काही सांगितलंच नाही. हळद लागली त्या दिवशी तिला लोखंडी घमेल्याखाली झाकलं आणि वर ऐरण ठेवली. माप ओलांडून नवरी येसू घरात आली, वरात पांगली, तेव्हा कुठे घमेलं उचललं.

मग काय विचारता! येसूची भाकरी रोज एका बाजूने करपायची, वाळत घातलेल्या लुगड्याला भोकं पडायची. येसूही काही कमी नव्हती. नवरा दिवसभर भट्टीपाशी. बोलायचा ते खांद्याशी, हसायचा तेही खांद्याशी. नवी नवरी चुलीपुढे बसून आतल्या आत जळत होती. सवत माणसाची असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. बोटाएवढ्या सवतीचं करायचं काय?

एक दिवस रायाजी बाजाराला निघाला. जाताना ठिणगीच्या हनुवटीखाली खाजवून म्हणाला, "घर संभाळ गं, माझे लक्षुमी." ज्या शब्दासाठी येसू झुरत होती, तो तिच्या डोळ्यांदेखत दुसरीला मिळाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विळ्यांना पाणी द्यायची दगडी डोण भरलेली होती. तिने कळशी बुडवली आणि पेटत्या भट्टीवर ओतली. लोहाराच्या घरी भट्टी आपोआप विझू देतात, तिच्यावर पाणी कुणी ओतत नाही. येसू लोहाराचीच लेक, तिला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच ओतलं.

वाफेतून ठिणगी बाहेर आली ती राखेसारखी करडी पडून, आणि फरफटत टेकडीवरच्या या कपारीत शिरली.

त्यानंतर भट्टी पेटेना. शेजारून आणलेला विस्तवही दारात विझे. ज्वारी काढणीला आलेली, गावाचे विळे बोथट, आणि रायाजी जेवेना की बोलेना. नवरीचा पायगुण वाईट, असं गाव म्हणू लागलं. शेवटी रायाजीने तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच, "उद्या तुला म्हायेरी सोडतो."

सकाळी येसूने बोचकं बांधलं नाही. एक गोवरी उचलली आणि टेकडी चढली. रायाजी मागेमागे. कपार तेव्हा थंडगार होती म्हणे. येसू तिच्यापुढे बसली.

"अक्का, मला तुजा लई राग येतो," ती म्हणाली, "अजून बी येतो. पर आधी तू आलीस. तू थोरली, मी धाकटी. लगनात मला नवं लुगडं घेतलं, आन् तुला घमेल्याखाली घातली. ह्ये काय बरं केलं न्हाई त्यांनी."

अंगावरच्या लग्नाच्या हिरव्या लुगड्याचा वीतभर पदर तिने दातांनी फाडला आणि भेगेत सारला.

मग आतून कोमट वारा आला. येसूने वाकून काही ऐकलं, काही सांगितलं, आणि तिच्या हातातली गोवरी पेटली. रायाजी हरखून पुढे धावला, "ठिणगे!" तशी भेगेतून दुसरी फुंकर आली आणि त्याच्या मिशा गेल्या.

ठिणगी घरी परतली नाही. घमेल्याखाली घालणाऱ्याकडे ती कशाला परतेल? भट्टी मात्र पेटली आणि येसूचा संसार राहिला. रोज संध्याकाळी ती ओंजळभर कोळसे घेऊन कपारीशी जाऊन बसे, आणि तिचं हसणं खालपर्यंत ऐकू येई. रायाजीला जवळ यायची मुभा नव्हती. तो या धोंड्यावर पाठ करून बसे आणि येसू उतरली की विचारी, "काय म्हनली गं?" ती म्हणे, "आमचं आमच्यात." दोघींनी आपला हेवा त्याच्या गळ्यात बांधला आणि मोकळ्या झाल्या.

आजही आगरखिंडीत नवरी घरात पाऊल टाकण्याआधी इथे येते. आपल्याच पदरातून वीतभर फाडते, कपारीशी वाकते, काही बोलते, काही ऐकते. नवरा धोंड्यावर. आताची पोरं शिकलेली. खुळचटपणा म्हणतात, फोन बघत बसतात. पण नवरी उतरली की पहिला प्रश्न तोच, आणि उत्तरही तेच.

आमची सगुणा जन्मभर माझा संसार करून गेल्या पौषात गेली. अंथरुणावर होती तेव्हा मी म्हटलं, "आता तरी सांग, काय म्हनली हुती?" हसली. "अक्काला इचारून सांगते," म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी इथे येऊन बसतो. पाठ करूनच बसतो.