मोटेचं वचन

एका गावात, नदीच्या वळणाला, म्हादबा नावाचा एक पानमळेवाला राहत असे. लहान असताना त्याने विहिरीवर एक आवाज ऐकला होता. आधी फर्रकन चामडं फाटल्याचा आणि मग खोल खाली धबकन पाणी आपटल्याचा. बापाची भरली मोट वर येता येता फाटली होती. नवी मोट आणायला बाप बाजारी गेला. तो परत येईपर्यंत नागवेलींनी माना टाकल्या होत्या. त्या वेली बापाने आपल्या हाताने उपटल्या. म्हादबा म्हातारा झाला, तरी तो आवाज काही त्याच्या कानातून गेला नाही.

एका वर्षी त्याची मोट फारच जुनी झाली. तेवढ्यात बैलगाडीत मोटा घालून हिरोजीशेट व्यापारी गावात आला. पारावर त्याने मोटा मांडल्या. एकीवर थाप मारून म्हणाला, "असलं चामडं पंचक्रोशीत मिळायचं नाही. नातवापर्यंत पुरेल."

म्हादबाने मोट उलटीसुलटी करून पाहिली. शिवण ओढून पाहिली. मोट चांगली होती. त्याने पैसे मोजले.

हिरोजीशेट मग जरा जवळ सरकला. आवाज हळू करून म्हणाला, "आता एक वचनही घेऊन ठेवा. दोन उन्हाळ्यांत मोट फाटली, तर नवी देईन. वचनाचे वेगळे पडतील, मोटेच्या निम्मे. शेवटी चामडंच ते. त्याचा काय भरवसा?"

"आत्ता तर नातवापर्यंत पुरेल म्हणालात," म्हादबा म्हणाला.

जमलेले लोक हसले. हिरोजीशेटही हसला. "पुरेलच. पण तुमच्या वडिलांचं काय झालं, ते या गावात कोणाला ठाऊक नाही?"

म्हादबाच्या कानात तो जुना आवाज पुन्हा उठला. हात आपोआप कनवटीला गेला. मोठी भीती असली की हात असाच जातो, विचार मागून येतो. म्हादबाने हात तिथेच थांबवला आणि विचाराला पुढे येऊ दिलं.

"फाटली तर मोट आणायची कुठे?"

"माझ्या दुकानात. बाजारच्या गावी."

"तुम्ही तिथे असाल?"

"असाच फिरतीवर असलो तर थोडं थांबावं लागेल. पण वचन म्हणजे वचन. आजवर मोडलेलं नाही."

"आणि तोवर माझ्या वेलींना पाणी कोण देईल?"

हिरोजीशेट म्हणाला, "म्हादबा, मी मोटा विकतो. पाणी विकत नाही."

"मग मला नुसती मोटच पुरे," म्हादबा म्हणाला.

शेजारच्या मळ्याचा गेनू तिथेच उभा होता. गावात त्याच्या तोंडाला कोणी लागत नसे. त्याने मोटही घेतली आणि वचनही. वर म्हणाला, "बापाचा मळा गेला, तरी याची मूठ काही सुटत नाही. मी आपला आता निवांत झोपेन."

 नवी मोट खांद्यावर टाकून म्हादबा घरी गेला. मग आपली जुनी मोट घेऊन सटवाजी चांभाराकडे गेला. वचनाला जे पैसे गेले असते, ते त्याच्यापुढे ठेवून म्हणाला, "हिला पाणी ओतायची नवी सोंड लाव. विरलेली शिवण उसवून पुन्हा घाल. अडीअडचणीला उपयोगी पडली पाहिजे."

सटवाजीने जीव लावून काम केलं. पैसे उरले, त्यांचं त्याने तेल दिलं. "दोन्ही मोटांना चोळत जा," म्हणाला. म्हादबा चोळत राहिला. जुनी मोट गोठ्यातल्या खुंटीला टांगलेली असे.

चैत्र आला. ऊन तापलं. एका सकाळी म्हादबा आपल्या विहिरीवर बैल जुंपत होता. तोच फर्रकन आवाज आला आणि पाठोपाठ धबकन पाणी आपटलं. त्याने दचकून आपल्या मोटेकडे पाहिलं. पण आवाज गेनूच्या विहिरीतून आला होता.

गेनू बांधावर येऊन हसतच म्हणाला, "तोंड कशाला उतरलं तुझं? माझी मोट फाटली, तुझी नव्हे. आणि माझं वचन आहे." फाटकी मोट डोक्यावर घेऊन तो बाजाराच्या वाटेला लागला.

एक दिवस गेला, दुसरा गेला. गेनू आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची बायको यमुना म्हादबाच्या दारी आली. तिच्या हातात सुकलेलं पान होतं.

"भाऊजी, हे गेलेत वचन आणायला. वेलींना मी काय सांगू?"

म्हादबाने त्या पानाकडे पाहिलं. खुंटीवरची मोट काढली आणि तो गेनूच्या विहिरीवर गेला. गेनूचेच बैल जुंपले. चाक कुरकुरलं, विहिरीकाठच्या थारोळ्यात पाणी पडलं, पाट वाहू लागला. काही वेली हातच्या गेल्या, पण बाकीच्यांनी हळूहळू माना वर केल्या. त्यानंतर म्हादबा एक वेळ आपला मळा भिजवी आणि दुसऱ्या वेळी गेनूचा.

हिरोजीशेट दूरच्या बाजारातून परतेपर्यंत गेनू त्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसून होता. हिरोजीशेटने शब्द पाळला. कोरी करकरीत मोट दिली. ती खांद्यावर घेऊन गेनू धावतपळत आला. मळा वाळला असेल, असं मनाशी धरूनच आला.

पाहतो तर पाट वाहत होता. विहिरीवर म्हादबा बैल हाकत होता आणि नाड्याच्या दोराला जुनी, सांधलेली मोट होती.

म्हादबाने बैल थांबवले. "आलास? घे, तुझी मोट जुंप. मी माझी सोडतो."

गेनूने नवी मोट खाली ठेवली. जुन्या मोटेच्या शिवणीवरून एकदा हात फिरवला. मग मान खाली घालून तो ओल्या पाटाकाठाने आपल्या वेलींकडे चालत गेला. 

तात्पर्य: जास्तीचं वचन विकत घेण्याआधी आपल्याला खरी भीती कशाची आहे, आणि ती त्या वचनात येते का, हे विचारावं. येत नसेल, तर तोच पैसा वस्तू राखण्यात आणि जवळच्या दुरुस्तीत घालावा.